येतो

वरची खोली, वन रूम किचन, राजारामपुरी आठवी गल्ली.
फरशी शहाबादी, खिडकी पश्चिमेला, गिझर नाही.
भाडं ठरताना एवढंच सांगितलं होतं मी.
बाकीचं तिचं तिनं शोधलं :
जिन्यातली कुठली पायरी हलते,
दाराची कडी उचलूनच का ओढायची,
आणि नळाला पाणी येतं ते पहाटे पावणेपाचला,
तेही तासभर,
तेही शुक्रवार सोडून.

नाव त्सेहाय. गाव अदिस अबाबाच्याही पलीकडं.
शिरोलीच्या फौंड्रीत साच्याची वाळू तपासायची नोकरी.
मी म्हटलं, बाई गं, एवढा समुद्र ओलांडून
वाळूच बघायला आलीस?
तिला कळलं नाही. हसली मात्र.
माझ्या जिभेवर ते नाव बसेना,
म्हणून सई म्हणायला लागलो.

चौकीत फॉर्म द्यायला मीच गेलो.
परदेशी माणूस ठेवला की चोवीस तासांत कळवावं लागतं.
हवालदारानं विचारलं, येण्याचं कारण?
नोकरी.
परत जाण्याची तारीख?
मी म्हटलं, सकाळीच तर बादली आणलीया पोरीनं लक्ष्मीपुरीतनं,
निळी, वीस लिटरची, झाकणासकट.
त्यानं रकाना रिकामा सोडला.

पहिला महिना एक गादी, एक पातेलं.
पुठ्ठ्याच्या खोक्याला मोबाईल टेकवून
आईशी बोलायची,
मग उचलून खोली दाखवायची, सावकाश,
एकच भिंत दोनदा.
जिन्यातनं बघितलं मी.

एका रविवारी तवा मागायला आली.
पीठ तीन दिवस आंबवलेलं, नाचणीचं,
कारण तिच्याकडचं ते बारीक धान्य
दुकानदारानं नुसतं ऐकूनच मान हलवली होती.
जाळीदार, मऊ, एकाच अंगानं भाजलेली.
आंबोळीच की गं ही, मी म्हटलं.
नाही, म्हणाली. ठामपणे. मराठीत.
मग दोघींनी खाल्ली,
आपापल्या नावानं.

मराठी ती माझ्याकडनंच शिकली,
म्हणजे मी बोलतो तशी :
मी करतो, मी जेवतो, मी दमलो.
ऑफिसातली पुण्याची बाई हसली म्हणे,
बायकांनी करते, जेवते, दमले म्हणायचं असतं.
संध्याकाळी भाजीची पिशवी तशीच हातात,
मावशी, कुठलं खरं?
कोल्हापुरात राहतीस नव्हं? दमलो म्हण.
दमलेल्या माणसाला कोण विचारतंय
बाई का गडी.

पण सकाळी उतरताना ती 'मी जातो' म्हणायची,
ते मात्र मी खोडलं.
जातो म्हणू नये. घरातनं निघताना येतो म्हणावं.
बराच वेळ थांबली. एक चप्पल पायात, एक हातात.
म्हणाली, आईला तर मी
जातो म्हणालो.

मी काय बोलणार?
बस चुकंल, म्हटलं, जा.
आणि जीभ चावली.

आज शुक्रवार.
वर बादलीचं झाकण वाजलं. एक तांब्या. दुसरा, जरा जपून.
कडी उचलून ओढल्याचा आवाज,
हलणारी पायरी चुकवत उतरणारे पाय.
मावशी, येतो.
ये, म्हटलं,
आणि येताना कोथिंबीर आण.