तिसरा रकाना

ओहोटीच्या वेळा मी तळहातावर लिहून ठेवते.
आज सव्वासहा. पाणी मागे हटतं
आणि किनारा आपलं भंगार उघडं करतो:
विमानाचं इंजिन, शेवाळलेलं,
त्याच्या एका नळकांड्यात गेली काही वर्षं
एक ऑक्टोपस राहतो, भाडं न देता.
पलीकडे सैन्य उतरवणाऱ्या नावेचा सांगाडा.
लोखंड इतकं झिजलंय
की बोट लावलं तर बिस्किटासारखं मोडतं.

माझं काम लिहायचं.
सार्जंट टोवुआ यंत्र फिरवतो, कान देतो,
मी मागून वही धरून चालते.
तीन रकाने: काय सापडलं, कुठे,
आणि जिवंत की निकामी.

मागच्या महिन्यात याच वाळूत
एक जबडा सापडला, एका दाढेत सोनं.
त्याला कुठल्या रकान्यात घालू?
सार्जंट म्हणाला, ते आपलं खातं नाही.
आम्ही तो केळीच्या पानात गुंडाळून
ज्यांचं खातं होतं त्यांच्याकडे पाठवला.
पोचपावती आली. दोन प्रतींत.

लोपारी गावात मुलं ओरडतात,
"बॉम्बवाली आली!"
एकाने हेल्मेट आणून दाखवलं, आत कोंबडी बसलेली.
"अंडीही लिहू का?" मी विचारलं.
सार्जंट हसला नाही. ड्युटीवर तो हसत नाही.

चर्चची घंटा म्हणजे तोफगोळ्याचं पितळी टरफल,
फणसाच्या फांदीला टांगलेलं.
त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. निकामी.
पाद्रीबाबांचा चेहरा जरा उतरला.
आपण दर रविवारी काय बडवतो
याची त्यांना इतकी वर्षं
थोडी प्रौढी होती.

मग झिनिताचं घर.
चुलीच्या खोपटाबाहेर तिची पायरी:
लांबट, काळी, अर्धी मातीत,
वरून घासून घासून गुळगुळीत.
तिच्यावर ती माशांचे खवले काढते,
सुऱ्याला धार लावते, नारळ आपटते.
लग्नाच्या वर्षी नवऱ्याने
खांद्यावरून वाहून आणली होती.
"जड आहे, टिकेल," म्हणाला होता.
नवरा नाही टिकला.

यंत्र किंचाळलं.
सार्जंट गुडघ्यांवर बसला,
बोटांनी माती सारली,
आणि झोपलेल्या मुलाजवळून उठावं
तसा अलगद मागे सरकला.
"लिही," म्हणाला. "जिवंत."

झिनिताला वाटलं, तिच्याबद्दलच चाललंय.
"हो तर," ती म्हणाली, "आहे अजून."

सांगितलं तेव्हा ती घाबरली नाही. चिडली.
"एकोणतीस वर्षं!
दिवसाला चार नारळ, तूच कर हिशेब.
हिच्यावर बसून मी त्याच्याशी भांडले,
तो गेल्यावर हिच्याशीच भांडले,
आणि हिने एकदाही तोंड उघडलं नाही?"

दुपारपर्यंत गाव टेकडीवर.
कोंबड्या, रेडिओ, दोन आजारी माणसं.
झिनिताने सोबत फक्त सुरा घेतला.
खाली खडकांपलीकडे पाणी एकदा उभं राहिलं,
आवाज मागून आला.
मेलेले मासे वर तरंगले
आणि मुलं टोपल्या घेऊन धावली,
त्यांना कोण अडवणार.

रात्री कंदिलापाशी सार्जंटने वही तपासली.
पहिल्या रकान्यात मी लिहिलं होतं: पायरी.
त्याने ते खोडलं,
वर नीट अक्षरात लिहिलं:
तोफगोळा, एकशे पंचावन्न मिलिमीटर.
तिसऱ्या रकान्यातलं तसंच ठेवलं.

पुढच्या फेरीत गेले तेव्हा
दाराशी खड्डा, खड्ड्यात पावसाचं पाणी,
पाण्यात एक खेकडा.
सरकारकडून सिमेंटची पायरी मिळेल,
मी म्हटलं, अर्ज आहे.
"बघू," म्हणाली झिनिता,
आणि टोपली कमरेवर घेऊन बाहेर येताना
पाय तितकाच उंच उचलला,
नसलेल्या जागेवर टेकवायला गेली,
तोल सावरला, आणि मला म्हणाली,
"हे लिहू नकोस."