दहा वर्षांत एक

पाचगणीत अग्यारीला लाकूड आम्ही पुरवायचो.
बाभूळ. वाळलेली. किडकी नको, ओली तर मुळीच नको.
पसरणीचा घाट चढून टेम्पो वर येईस्तोवर
धुक्यानं वरची मोळी गार पडायची,
आणि बरजोरजी पंथकी एकेक ढलपी गालाला लावून बघायचे.
ओल गालाला कळते, म्हणायचे, हाताला नाही.

आत जायची मला मुभा नव्हती.
मीही कधी विचारलं नाही.
मागच्या ओट्यावर वजनकाटा, गंजलेली मापं
आणि दाराच्या फटीतून येणारा सुखडचा वास,
तेवढीच माझी अग्यारी.

एकदा तोंडावरचं पांढरं पदान हनुवटीखाली ओढून
ते म्हणाले, कासुर्डे, सांग,
आमच्या जरथोस्त साहेबांना पहिल्या दहा वर्सांत
किती माणसं मिळाली?
मी म्हटलं, असतील हजारभर.
त्यांनी राखेनं माखलेलं बोट वर केलं.
एक. ते पण चुलतभाऊ.

मैद्योमाह.
नाव मी पावतीच्या मागं लिहून घेतलं.
घरी बायकोनं वाचलं, मद्यमहा?
हे कसलं बिल?

मग दर खेपेला थोडंथोडं कळत गेलं.
राजा गुश्तास्प, त्याच्या काळ्या घोड्याचे
चारही पाय पोटात गेलेले,
एकेका वचनाला एकेक पाय बाहेर आला.
वचन द्यायला राणी हुतओसाही पुढे झाली.
वजीर जामास्प तर असा शहाणा
की दहा दिवस पाऊस पडला तर थेंब मोजून सांगेल.
मी म्हटलं, त्याला आषाढात इकडं पाठवा.
बरजोरजी खोकेपर्यंत हसले.

आणि धाकटी लेक पौरुचिस्ता.
लग्न ठरवताना बाप तिला म्हणाला,
आधी तुझ्या मनाला विचार.
इथं ते थांबले. काट्याचं पारडं उगाच पुसलं.
त्यांच्या आरनवाझनं मनाला विचारलं होतं,
मन म्हणालं, वाईचे डॉक्टर शेंडे.
तेव्हापासून वडलांना भेटायला आली
की तीही मागच्याच ओट्यावर,
माझ्या मोळ्यांशेजारी, डबा घेऊन.

राजाचं कळतं मला. घोडा बरा झाला, माणूस वळतो.
मैद्योमाहचं कळत नाही.
त्याच्या नावावर ना घोडा, ना लढाई.
दहा वर्षं रोज संध्याकाळी तेच बोलणं,
गावातली माणसं हसणार, उंटांना चारा घालायचा राहणार,
आणि हा समोर बसून.
सगळं पटत असेल का त्याला?
की कधीकधी नुसता जागा राहत असेल,
बोलणाऱ्याला अंधार लागू नये म्हणून?

बंगले विकले गेले. सिल्व्हर ओकमागं हॉटेलं उठली.
शेवटच्या हिवाळ्यात पहाटेच्या गाहला
आत बरजोरजी आणि आतश, बाहेर मी,
बिल द्यायचं निमित्त करून.
त्यांचा आवाज मध्येच बसायचा, पुन्हा सुरू व्हायचा.
एक शब्द कळत नव्हता.
बसलो होतो.

आता पुण्याचे तरुण मोबेद आहेत, माणूस चांगला,
पैसे फोनवर पाठवतात, लाकडाकडं बघत नाहीत.
मग टेम्पोत चढवण्याआधी मीच बघतो
गालाला लावून.
डाव्या गालाला कळतं.
उजव्याला अजून नाही.