खोपटला रनर बदलताना

दे इकडे. चेन नाही गेली, हिचा रनर गेलाय.
चेन बिचारी दात धरून बसलीये.
तू अकरा दिवसांसाठी
बावीस दिवसांचे कपडे कोंबलेस.

बस त्या स्टुलावर. वीस मिनिटं लागतील.
खोपट डेपोच्या भिंतीला पाठ लावून
एकोणीस वर्षं मी बॅगा शिवतोय.
माणसं जातात, बॅगा फाटून परत येतात,
आणि कुठे काय चुकलं
ते मला शिवणीत वाचता येतं.

हा पट्टा बघ, डावाच झिजलाय.
कोणाची होती? मामेभावाची?
म्हणजे सगळा प्रवास एका खांद्यावर टाकून
ऐटीत फिरला तो. तू दोन्ही पट्टे लाव.
ऐट आपल्याला परवडत नाही.

बेळगाव, गोकर्ण, मग पुढचं पुढे. बरं.
एक कर. भरलेली बॅग पाठीवर घे,
चार मजले चढ, उतर, परत चढ.
तिसऱ्या मजल्यावर जे जे आठवून राग येईल
ते ते घरी ठेव.
जीन्स एकच. टॉवेल तर नकोच,
जांभळी नाक्यावरून पंचा घे:
अंग पूस, अंथर, पांघर,
डॉर्मिटरीत खालच्या बेडला पडदा कर,
उन्हात बसच्या खिडकीला अडकव.
एवढी कामं घरातलं माणूस करत नाही.

रात्रीची गाडी धर, खोलीचं भाडं वाचतं,
हे तुला सगळ्यांनी सांगितलं असेल.
पण पहाटे साडेतीनला परक्या गावात उतरून
वाचलेले चारशे रुपये काय चाटायचेत?
सहाला पोचणारी बघ.
त्यातूनही लवकर पोचलीस, तर स्टँडातच थांब,
चहावाल्याचा दुसरा टोप चढेपर्यंत.

आणि रस्ता,
ज्याला तुझ्याकडून काही मिळायचं नाही त्याला विचार.
आमच्या कंट्रोलर पेडणेकरबाई
खिडकीतून खेकसतात,
पण गाडी कधी चुकीची सांगत नाहीत.
अशी एक बाई प्रत्येक स्टँडावर असते. शोध.

जेवण, कंडक्टर जेवतो तिथे.
भाव कर, पण उकडलेल्या शेंगावालीशी नको.
धर्मशाळेत फुकट झोपलीस
तर सकाळी झाडू मार.
काटकसर वेगळी, चिकटपणा वेगळा;
दोन्ही जातींच्या बॅगा शिवल्यात मी.

इथे, पाठीकडच्या अस्तरात,
एक चोरकप्पा टाकतोय.
पाचशेची एक घडी,
आणि कागदावर तीन नंबर.
फोनमध्ये आहेत, म्हणू नकोस.
मिरजेला माझा फोन मारला कोणीतरी,
तेव्हा कळलं, बायकोचा नंबर मला पाठ नाही.
कँटीनवाल्याच्या फोनवरून रात्रभर
शेवटचे दोन आकडे जुळवत बसलो.
कोण कोण उचलत होतं!
शिव्या खाल्ल्या.
एका माणसाने मात्र विचारलं,
जेवलास का?

घरी सांगितलंयस ना?

बरं.
मी विचारलं नाही, तू ऐकलं नाहीस.
पण त्या तिनांतला एक नंबर
घरचा असू दे.

झालं. ओढून बघ. आता त्या टोकापर्यंत.
लोण्यासारखी.
शंभर दे.

काय? पाटीवर काय लिहिलंय?
रनर बदलणे, साठ.
हो, माझंच अक्षर आहे ते.
आणि चोरकप्पा तू मागितला नव्हतास,
तेही खरं.

पेडणेकरबाई, ऐकलंत का?
ही पोरगी पोचेल.

साठच दे, सुट्टे दे.
आणि परत आलीस की
बॅग न धुता आण.
मला वाचायचीये.