ठिणगी

काठाला असली की शहाणी.
एका बटणात सुरू.
बामणोलीपासून आत, पाण्याच्या मध्यावर,
गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना
एकदा खोकते आणि गप्प.
काल वल्ह्याच्या होडीनं ओढून आणली.
पुण्याची पोरं व्हिडिओ काढत होती.

मेढ्याहून इलाही मिस्त्री आला.
प्लग बदलला, बॅटरी मोजली,
लाल दोरीची खिट्टी काढून-घालून पाहिली,
अर्थिंगवरचा हिरवा गंज नखानं खरवडला.
त्याच्यासमोर जेट-स्की एकदाही चुकली नाही.
"माझा धाकटा असाच," म्हणाला,
"दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरतो."

सातला लाईट गेली.
मी मोबाईल काढला, तर
"राहू दे, सर्जा. अंधार आहे तोवर
वायरीवर जरा पाणी शिंपड
आणि दाब."

प्लगच्या टोपीखाली, केसाएवढ्या चिरेतून
निळं काहीतरी
इंजिनाच्या अंगावर उडालं.
थांबलं.
पुन्हा उडालं.

आठ दिवस आम्ही तिथंच बघत होतो,
भर उन्हात, वर टॉर्च लावून.

इलाही टोपी मागवायची म्हणून
साताऱ्याच्या दुकानाचा नंबर शोधायला लागला.
मी अजून दोन-तीनदा
बटण दाबलं,
उगाच.