उंबूखाली

बाहियाच्या काटेरी माळावर
जोवेलिना फांदी हलवत नाही.
उंबू पिकलं की पडतं, म्हणते.
घाई शेळ्यांना.

रात्री त्या रवंथ करतात,
टक् टक् बिया थुंकतात.
उजाडता ती वेचते, धुते,
तेलाच्या जुन्या डब्यात पेरते.

सत्तरच्या दुष्काळात बापानं
ह्याच झाडाचं मूळ उकरलं होतं.
नारळाएवढी गाठ, आत पाणी.
पाच भावंडांना एकेक फोड.
धाकटा आदाउतो
चोखता चोखता झोपला.
उठला नाही.

खड्डा बुजवला बापानं, घाईत.
झाडाची ती बाजू
अजून उशिरा पालवते.

औंदा डब्यात एक कोंब आलाय,
वाकडाच.
जोवेलिना ओंजळीनं पाणी घालते,
मोजून,
पाच घोट.