एक सोडली

ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, पथकाचा इतिहास लिहून द्या,
दोन पानं पुरेत, जमल्यास एखादा फोटो.
फोटो आहे. बेचाळीस सालचा.
शाळेच्या पायऱ्यांवर चौदा माणसं,
डोक्यावर आधीच्या युद्धातली लोखंडी टोपडी, पांढरा रंग फासलेली,
आणि खालच्या पायरीवर कुणाचं तरी कुत्रं,
जे यादीत नाही.

सुरुवात अंधारापासून झाली.
हॉल्बर्टनवर कुणी बॉम्ब टाकला नसता.
दोऱ्याची एक गिरणी, दोन चर्चं, नदीवर एक पूल.
पण हुकूम आला, दिवे झाका,
आणि झाकलेत का ते बघत हिंडायला माणसं हवी होती,
फुकट.
न्हावी ऑगस्टीन फर्टाडो आला. गिरणीतला थॅड वोज्निक आला.
कुंपणावरून दोघांचं बोलणं बंद होतं.
त्यांना एकच गल्ली दिली.
टॉर्चला लाल कागद, गळ्यात शिट्टी, दंडाला पट्टी.
पट्ट्या फर्टाडोच्या बायकोने शिवल्या,
वरून निळं कापड, आत पडद्याचे उरलेले तुकडे,
त्यावर बारीक पिवळी फुलं.
ती फक्त बांधणाऱ्याला ठाऊक.

युद्ध संपलं. शिट्ट्या कुणी परत मागितल्या नाहीत.
मग मिरवणुकीत दोर धरणं,
फुटबॉलच्या रात्री पार्किंग,
वाट चुकलेल्या म्हाताऱ्याला मक्याच्या शेतातून
हाताला धरून घरी आणणं.
पिस्तूल नाही, पगार नाही.
खरे पोलीस आम्हाला शिट्टीवाले म्हणत
आणि कॉफी मात्र आमच्याच थर्मासातली पीत.

मी त्र्याहत्तरला आले. पहिली बाई.
टोपी पुरुषी मापाची, आत वर्तमानपत्र कोंबून घालायचे.
वही माझ्याकडे दिली, अक्षर बरं म्हणून.
तारीख, वेळ, काय घडलं, सही.
वहीला विशेषणं चालत नसत.
पंचावन्नच्या पुराची रात्रही
थॅडच्या अक्षरात एवढीच:
‘पूल बंद. सतरा गाड्या परत. एक सोडली.’

ती एक कुणाची, हे विचारायला मला सहा वर्षं लागली.
आम्ही नव्या पुलावर उभे होतो, जानेवारी,
मिशांवर बर्फ.
त्याची बायको पलीकडे अडली होती, थॅड म्हणाला,
कंदील हलवला, जा म्हटलं.
पोचला?
पोचला. मुलगी झाली. मागून पूल गेला.
मग चांगलंच झालं की.
तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.
सतरावा फर्टाडो होता, म्हणाला.
त्याची आई पलीकडे, तळघरातल्या खोलीत.
मी त्याला परत पाठवला.
त्यानंतर कुणाला अडवायला हातच उचलेना.
कुंपणाचा त्यात काही संबंध नव्हता.
आणि थोड्या वेळाने, मी काही विचारलेलं नसताना,
कुंपणाचा काही संबंध नव्हता.

वही चाळली मी त्या रात्री.
पुरानंतरचा दुसरा शनिवार: वोज्निक, फर्टाडो.
तीच गल्ली. दोन सह्या.
पुढचाही. त्याच्या पुढचाही.
बोलत होते की नाही, नोंद नाही.
एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय,
थॅडचे केस शेवटपर्यंत फर्टाडोच कापायचा,
आणि मानेवर वस्तरा फिरताना
थॅड डोळे मिटून घ्यायचा.

बाकी इतिहास विमा कंपनीच्या पत्रात आहे.
आम्ही तिघं उरलो होतो, त्यातल्या एकाला दिसत नव्हतं.
बिल्ले जमा केले, पावती मिळाली.
पहिल्या आठवड्यात मी सवयीने दोनदा बाहेर पडले,
कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले.

तर बाई, दोन पानं झाली.
सोबत वही, फोटो, आणि एक पट्टी पाठवते आहे.
काचेच्या कपाटात ठेवाल तेव्हा
तेवढी उलटी करून ठेवा.