अर्धा मिलिमीटर

नगररचनेच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीपाशी माझं टेबल.
सोळा वर्षं मी सोलापूरच्या कडा रंगवतोय.
पिवळा म्हणजे राहा.
जांभळा म्हणजे कारखाना.
हिरवा म्हणजे आत्ता नको.
पिवळी पेन्सिल दर सहा महिन्यांनी मागवावी लागते,
हिरवी अजून पहिल्या साहेबांच्या काळातली.

नकाशा एकास दहा हजार.
माझी रेघ अर्धा मिलिमीटर जाड,
म्हणजे जमिनीवर पाच मीटर.
हे मी शिकलो होतो, गणितात.
पाच मीटर म्हणजे किती, ते मात्र
सुनावणीच्या तिसऱ्या दिवशी कळलं.

मे महिना. पंखा गरगरत होता,
अर्ज उडू नयेत म्हणून त्यांवर तांब्या.
हरकत दोनशे चौदा, नरसय्या गुंडेटी.
दहिटण्याच्या पुढं पावणेदोन गुंठे, हिरव्यात.
"दोन माग बसवायचेत साहेब.
आधी मागाला जागा, माणूस कुठंबी मावतो.
आन् शेजारी चिंच हाय, ती तुमच्या कागदावर न्हाई."
नियमावली उलटीसुलटी पाहिली.
चिंचेला रंग नाही.

हरकत दोनशे पंधरा, महादेवी बिराजदार.
सगळे सावरून बसले,
आता बाई म्हणणार, काळी आई, हिरवी ठेवा.
ती म्हणाली, "पिवळं करा.
शनवारी गाड्या घेऊन येतात,
कडब्याच्या गंजीपाशी फोटू काढतात, जातात.
माझ्या लेकीला वाटणीला आलंय अर्धा एकर.
तिथं चार भिंती घालायच्या
तर म्हणे परवानगी न्हाई.
पण हीर तेवढी हिरवी ठेवा."
"बाई, विहीर तुमच्याच गटात.
एक गट, एक रंग."
"रंग तुमचा ओ.
हीर बारा परस हाय."

सभागृहात कुणीतरी हसलं, मग कुणीच नाही.
एक सदस्य म्हणाले, शहराला श्वास घ्यायला जागा हवी.
दुसरे म्हणाले, पाय पसरायलाही.
जेवणाच्या सुट्टीत दोघांनी
एकाच डब्यातली ज्वारीची भाकरी मोडली,
शेंगाचटणीला तेल कमी पडलं, यावर एकमत झालं.

आणि संध्याकाळी, अर्ज संपल्यावर,
दारातला माणूस आत आला.
लायाप्पा. सात-बारा नाही, क्रमांक नाही,
घोंगडं तेवढं खांद्यावर.
"ह्या पिवळ्यातनं मेंढरं कुठनं जायची?"
आम्ही सगळे नकाशावर वाकलो.
तलावाकडं जाणारी ती वाट
कुणाच्याच गटात नव्हती,
म्हणून कुठंच नव्हती.
अध्यक्षांनी लिहिलं, नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी स्कूटर काढली.
पिवळ्या पट्ट्यात हिरवा फलक उभा,
'ग्रीन व्हॅली, एनए प्लॉट, हप्त्याची सोय.'
पुढं भेगाळलेली काळी, पुढं चिंच,
एवढी मोठी, की मला लाजच वाटली.
महादेवीबाईंच्या विहिरीपासून पावलं टाकली.
माझ्या रेघेची रुंदी, सात पावलं.
तेवढ्यात विहिरीचा काठ, एक म्हैस,
पारव्यांची दोन घरटी
आणि मेंढरांच्या खुरांनी घासून गुळगुळीत झालेला दगड.
बाईंनी ताक दिलं. काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?

निकाल आला, दोन्ही हरकती 'अंशतः मान्य'.
लेकीचा अर्धा एकर पिवळा. गुंडेट्यांना एक माग पुरेल एवढं.
वाटेबद्दल काही नाही.
रेघ कुठून कुठं, ते समिती ठरवते.
सहीशिक्क्यानं ठरवते.
पण रेघेला दोन काठ असतात,
हे अजून कुठल्या नियमात आलेलं नाही.

पेन्सिलीला टोक काढलं. बारीक, फार बारीक.
आणि रेघ ओढताना
पट्टी विहिरीच्या पल्याड धरली.
चिंचेच्या जागी एक ठिपका.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, पेन्सिल टेकली असेल.

वाटेसाठी अजून काही सुचलेलं नाही.
खोडरबर हातात धरून बसलोय.